टाळ्यांचा कडकडाट आणि रानाची राखण

कुरखेडा, कोरची, आरमोरी, वडसा ह्या झाडीच्या मुलुखांत नाटकाची आवड फार जुनी आहे. धानाची कापणी उरकली व दिवाळी सरली, म्हणजे ठिकठिकाणीं मंडई भरते, शंकरपट होतात, आणि वडशाच्या नाटक मंडळ्या गांवोगांव जाऊन रात्रभर खेळ करितात. हजारों माणसें अंगावर चादर ओढून पहांटेपर्यंत खेळ पाहतात, हंसतात, डोळे पुसतात, आणि उजाडलें कीं जो तो आपल्या कामास लागतो. नाटकानें माणसाचें मन हलतें, हें ह्या मुलुखास कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. नाटक पाहिल्यानें बांधींत चिखलणी होत नाहीं, हेंही त्यास ठाऊक आहे. दारूपायीं होणारी संसाराची धूळधाण रंगमंचावर पाहून अनेकांचें अंतःकरण द्रवलें असेल. परंतु गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली ती कांहीं वर्षें चाललेल्या सभा, गांवांचे ठराव आणि स्त्रियांचा चिकाटीचा आग्रह ह्यांच्या बळावर. आजही ती जेथें खरोखर पाळली जाते, तेथें गांव जागें असतें म्हणूनच पाळली जाते.

करमणूक व काम ह्यांतील हा साधा विवेक मोठ्या शहरांतील जाणत्या मंडळींकडून मात्र अलीकडे सुटत चालला आहे कीं काय, अशी शंका येते. पृथ्वीचें तापमान वाढत आहे, जंगलें कमी होत आहेत, म्हणून जगांतील नामांकित गवई, नट व खेळाडू ह्यांना एका व्यासपीठावर आणावयाचें, अफाट समुदाय जमवावयाचा, गाणीं म्हणावयाचीं, दिवे उजळावयाचे आणि शपथा घ्यावयाच्या, अशी एक प्रथा पडली आहे. ह्या प्रथेचें खरें मोल किती, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि ज्या प्रदेशांत जंगल अद्याप उभें आहे तेथील अनुभव तिच्याविषयीं काय सांगतो, ह्याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

ह्या प्रथेचा उगम परोपकारांत आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें सतारवादक पंडित रविशंकर व त्यांचे मित्र जॉर्ज हॅरिसन ह्यांनीं बांगला देशांतील निर्वासितांसाठीं मोठी मैफल भरविली. तिकिटांच्या विक्रींतून सुमारें अडीच लाख डॉलर जमले व ते संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीस देण्यांत आले. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकांचें उत्पन्न मात्र कराच्या भानगडींत कांहीं वर्षें अडकून पडलें. पुढें १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं लंडन व फिलाडेल्फिया येथें एकाच दिवशीं असेच जलसे झाले. दोन्ही प्रसंगीं हेतु स्पष्ट होता: पैसा जमवावयाचा, व त्या पैशानें अन्न, औषध, पांघरूण विकत घ्यावयाचें.

भूक आणि हवामान ह्यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. भुकेल्यास धान्य पाठवितां येतें. तापलेल्या हवेस पैसे पाठवितां येत नाहींत. दगडी कोळसा, खनिज तेल व वायु जाळल्यानें जो कर्बद्विप्राणिद वायु बाहेर पडतो, तो वातावरणांत शतकानुशतकें राहतो व सूर्याची उष्णता पृथ्वीभोंवतीं कोंडून धरतो. यंत्रयुगाच्या आरंभीं हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे सुमारें २८० भाग होते. २००७ सालीं ते ३८४ च्या घरांत होते. २०२४ सालीं ते ४२४ च्या आसपास पोहोंचले. ही वाढ कोणा एका दूरच्या देशावर कोसळलेली आपत्ति नव्हे. ती घरोघरचे दिवे, कारखाने, मोटारी व विमानें ह्यांतून रोज निर्माण होते. म्हणून दुष्काळास जो उपाय लागू पडला तो येथें लागू पडत नाहीं. दुष्काळांत प्रेक्षकानें तिकिटाचे पैसे दिले कीं त्याचें कर्तव्य बव्हंशीं पार पडत असे. येथें प्रेक्षकाचें कर्तव्य मैफल संपल्यावर सुरू होतें.

७ जुलै २००७ रोजीं अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर ह्यांच्या पुढाकारानें 'लाइव्ह अर्थ' ह्या नांवाचे जलसे सातही खंडांत एकाच दिवशीं झाले. लंडन, न्यूयॉर्कजवळचें क्रीडांगण, जोहान्सबर्ग, रिओ, शांघाय, टोकियो, सिडनी अशा ठिकाणीं थोर थोर गवई गायले, आणि प्रेक्षकांकडून सात कलमी शपथ मागण्यांत आली. टीकाकारांत कोणी रुक्ष अर्थशास्त्रज्ञच होते असें नाहीं. १९८५ चा जलसा भरविणारे बॉब गेल्डॉफ ह्यांनींच असा आक्षेप घेतला कीं, पर्यावरणाचें संकट लोकांना ठाऊक झालेलेंच आहे. आतां राज्यकर्त्यांनीं व उद्योगपतींनीं काय करावें ह्याच्या ठोस मागण्या नसतील तर जलशास अर्थ उरत नाहीं. ह्या आक्षेपांत मर्म आहे. जागृति हें साधन आहे. तिलाच फळ मानलें, म्हणजे जागे झालेल्या माणसानें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

महाराष्ट्राचाही ह्या प्रथेशीं निकटचा संबंध आला होता. ७ डिसेंबर २००८ रोजीं मुंबईंत अशीच एक मैफल ठरली होती. अमेरिकन गायक जॉन बॉन जोव्ही, नट अमिताभ बच्चन इत्यादि नामवंत तींत भाग घेणार होते, आणि उत्पन्नाचा उपयोग विजेवांचून राहणाऱ्या खेड्यांतील घरांना सौर कंदील पुरविण्याकडे व्हावयाचा होता. २६ नोव्हेंबर रोजीं मुंबईवर दहशतवाद्यांचा भीषण हल्ला झाला आणि ती मैफल रद्द करण्यांत आली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मैफल झाली नाहीं; तथापि सौर कंदिलांचें काम थांबलें नाहीं. तें पुढेंही चालूं राहिलें, कारण त्याच्यामागें एक संस्था होती, कंदिलांची देखभाल करणारी व्यवस्था होती, व मोजतां येईल असें उद्दिष्ट होतें. काम टिकावयाचें तर त्यास असा आधार लागतो. व्यासपीठ हा त्याचा आधार होऊं शकत नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण शेजारच्या कर्नाटकांतील आहे. 'कोल्डप्ले' ह्या इंग्रज वाद्यवृंदाच्या २००२ सालच्या ध्वनिमुद्रिकांमुळें हवेंत जाणाऱ्या वायूची भरपाई म्हणून गुडीबंडे तालुक्यांत दहा हजार आंब्याचीं झाडें लावण्याचें जाहीर झालें. कल्पना सुंदर, देणगी देणाऱ्यांचा हेतुही निर्मळ. परंतु तो प्रदेश कोरडा; आंब्याच्या रोपास पहिलीं कांहीं वर्षें उन्हाळ्यांत पाणी घालावें लागतें; आणि पाणी आणावयाचें कोणीं व त्याची मजुरी द्यावयाची कोणीं, ह्याची तजवीज पुरती झालेली नव्हती. २००६ सालीं लंडनच्या वृत्तपत्रानें तपास केला तेव्हां पुष्कळशीं रोपें मेल्याचें उघड झालें. झाड लावणें एका दिवसाचें काम आहे व तें छायाचित्रांत येतें. झाड जगविणें हें तीन-चार उन्हाळ्यांचें काम आहे व त्याकडे पाहावयास कोणीही येत नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच मंडळींनीं पुढें अधिक प्रामाणिक हिशेब आरंभिला. २०१९ सालीं त्यांनीं परदेशचा दौरा स्थगित ठेविला, प्रवास व विजेच्या पद्धति बदलल्या, आणि आपल्या २०१६–१७ च्या दौऱ्याच्या मानानें दर मैफलीमागें होणारें उत्सर्जन सुमारें ५९ टक्क्यांनीं घटल्याचें २०२४ सालीं जाहीर केलें. हा सुधार स्तुत्य आहे. तथापि अशा जलशांच्या धुराचा सर्वांत मोठा वाटा वाद्यवृंदाचा नसून प्रेक्षकांच्या प्रवासाचा असतो. जानेवारी २०२५ मध्यें ह्या मंडळींच्या मैफली नवी मुंबई व अहमदाबाद येथें झाल्या. अहमदाबादच्या खेळांसाठीं रेल्वेस मुंबईहून खास गाड्या सोडाव्या लागल्या, आणि विमानानें गेलेले प्रेक्षक ते निराळेच. व्यासपीठावरील दिवा कितीही निर्मळ विजेवर लागला तरी प्रेक्षक कशानें आला हा प्रश्न राहतोच.

विजेचा उल्लेख आला म्हणून चंद्रपूरची गोष्ट येथें सांगणें प्राप्त आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति २,९२० मेगावॅट असून तें कोळशावर चालतें. १९९९ सालीं चंद्रपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील पडघें येथपर्यंत सुमारें साडेसातशें किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी सुरू झाली. तिच्यांतून १,५०० मेगावॅटपर्यंत वीज पश्चिमेकडे जाऊं शकते. कोळसा येथें खणावयाचा, राख व धूर येथें राहावयाचा, आणि प्रकाश पश्चिमेच्या शहरांत पडावयाचा, अशी ही वांटणी आहे. मुंबईच्या मैदानावर एखाद्या रात्रीं पृथ्वीच्या रक्षणाची शपथ घेणाऱ्या तरुणांपैकीं किती जणांस ह्या तारेचें दुसरें टोंक कोठें आहे हें ठाऊक असेल? त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांना तें कोणीं सांगितलेलें नाहीं. परंतु जी मोहीम इतकेंही सांगत नाहीं, तिनें जागृति केली असें कसें म्हणावें?

उत्सवावर भिस्त ठेवण्याची संवय केवळ परदेशी गवयांची आहे असें समजूं नये. १९५० सालीं कन्हय्यालाल मुनशी ह्यांनीं देशांत वनमहोत्सव सुरू केला. तेव्हांपासून दर पावसाळ्यांत पुढाऱ्यांच्या हस्तें रोपें लागत आलीं आहेत. महाराष्ट्र सरकारनें १ जुलै २०१६ रोजीं एका दिवसांत दोन कोटि झाडें लावण्याचा संकल्प केला; पुढील तीन वर्षांचीं उद्दिष्टें अनुक्रमें चार, तेरा व तेहेतीस कोटि अशीं होतीं. त्या योजनेंतील किती झाडें प्रत्यक्ष जगलीं, ह्याविषयीं इतक्या शंका निघाल्या कीं २०२१ सालीं विधिमंडळाच्या समितीकडून चौकशी करण्याचें ठरलें. लावलेल्या झाडांचा आंकडा मोठ्यानें सांगितला जातो. जगलेल्या झाडांचा आंकडा मागावा लागतो.

झाडीच्या मुलुखास तर लागवडीहून राखणीचें महत्त्व अधिक आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. येथील साग, ऐन, तेंदू, मोह हीं झाडें तोडल्यावरही खोडांतून वा मुळांतून पुन्हां फुटतात. बांबूचें बेट दरवर्षीं नवे कोंब देतें. जमिनींत मूळ शाबूत असेल व आग, अतिचराई आणि बेसुमार तोड हीं तीन संकटें टळलीं, तर जंगल बहुतेक ठिकाणीं स्वतःच उभें राहतें. ह्यांत आगीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. फाल्गुन-चैत्रांत मोहफुलें गळूं लागलीं म्हणजे तीं वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. तेंदूस नवीं पानें चांगलीं फुटावींत म्हणूनही रान पेटविलें जातें. वाऱ्याची एक झुळूक आली कीं ती आग डोंगर चढते, आणि त्या वर्षीं उगवलेलीं सारीं रोपटीं भस्म होतात. हिला उपाय एकच: पाला जाळण्याऐवजीं झाडून बाजूस करावयाचा, आणि उन्हाळाभर पाळीपाळीनें रानावर नजर ठेवावयाची. हें काम कंटाळवाणें आहे. त्यास टाळी मिळत नाहीं.

हें काम गांवांनीं कां करावें व कसें करावें, ह्याचें उत्तर कुरखेड्याच्या दक्षिणेस असलेल्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवानें दिलें आहे. ह्या गांवानें ग्रामसभा हीच आपली खरी सत्ता मानिली, बहुमताऐवजीं सर्वांच्या संमतीनें निर्णय घेण्याचा नियम केला, आणि कायदे व जंगल समजून घेण्यासाठीं अभ्यासगट चालविले. देवाजी तोफा ह्यांच्यासारखे गांवकरी व मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्यासारखे सहकारी ह्या कामीं वर्षानुवर्षें झटले. २००६ सालच्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकण्याचा अधिकार लगेच मिळाला नाहीं, कारण त्याच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातीं होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनीं गांवांत येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. त्या दिवशीं मंडप पडला, भाषणें झालीं, छायाचित्रें निघालीं. परंतु तो समारंभ वीस-पंचवीस वर्षांच्या कामाच्या शेवटीं आला. काम आधीं व समारंभ नंतर, हा क्रम तेथें सुटला नाहीं.

कुरखेडा-कोरचीकडेही हाच अनुभव आहे. कुरखेडा येथील 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था सुमारें चार दशकें आरोग्य, स्त्रियांचे गट व वनहक्क ह्या विषयांवर गांवांबरोबर काम करीत आली आहे. कोरची तालुक्यांत सुमारें नव्वद ग्रामसभांनीं एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापिली. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभांनीं स्वतः करावा, हिशेब सर्वांसमक्ष वाचावा, स्त्रियांस बैठकींत बरोबरीचें स्थान असावें, अशी वहिवाट तेथें पडूं लागली. जंगलापासून होणारें उत्पन्न घरांत येऊं लागलें, म्हणजे जंगल राखण्याची बुद्धि उपदेशावांचून होते. हक्क, उत्पन्न व जबाबदारी हीं तिन्ही एका हातीं असलीं, तर राखण टिकते. हक्क एकाकडे, उत्पन्न दुसऱ्याकडे व जबाबदारी तिसऱ्याकडे, अशी फाटाफूट झाली तर कोणाच्याही गाण्यानें ती टिकत नाहीं.

मग कीर्तिवंतांचा ह्या कामीं उपयोग नाहींच काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८०–९० च्या दशकांत गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टनम ह्या धरणांच्या विरुद्ध आदिवासींनीं जें आंदोलन केलें, त्यास बाबा आमटे ह्यांच्या नांवाचें मोठें बळ मिळालें. पण ज्यांचीं गांवें बुडणार होतीं ते लोक स्वतः पुढें होते, आणि मागणी एका वाक्यांत सांगतां येण्याजोगी होती. नट आमिर खान ह्यांच्या पुढाकारानें २०१६ सालीं निघालेल्या पाणी फाउंडेशनचें उदाहरणही असेंच विचारणीय आहे. तिच्या स्पर्धेंत गांवकऱ्यांस आधीं पाणलोटाचें शिक्षण देण्यांत येई, आणि मग भर उन्हाळ्यांत सुमारें ४५ दिवस श्रमदान करावें लागे. पहिल्या वर्षीं तीन तालुके होते. २०१९ पर्यंत ते ७६ झाले. नटाचें नांव ऐकून माणसें आलीं, हें खरें. परंतु आलेल्या माणसाच्या हातीं तेथें कुदळ दिली गेली. अडविलेलें पाणी पुढें कोणत्या पिकास द्यावयाचें हा प्रश्न मात्र स्पर्धेनें सुटला नाहीं, असें जाणकारांनीं दाखविलें आहे, आणि तेंही रास्तच आहे. पाण्याचा वांटा ठरविणें हें भांडणाचें काम आहे, आणि जेथें भांडण आहे तेथें कीर्तिवंत सहसा जात नाहींत.

ह्या सर्व विवेचनावरून कोणत्याही मोहिमेस तीन प्रश्न विचारावेत असें दिसतें. पहिला, मंडप उतरल्यावर दुसऱ्या दिवशीं त्या जागीं कोण राहणार आहे? दुसरा, ह्या मोहिमेमुळें कोणास काय सोडावें लागणार आहे? प्रेक्षक, गवई, मदत देणारा कारखानदार व सरकार ह्यांपैकीं कोणासच कांहीं सोडावें लागणार नसेल, तर ती करमणूक समजावी. करमणूक म्हणून तिला हरकत नाहीं. तिसरा, हिशेब कोण ठेवणार व तो कोणासमोर वाचणार? गुडीबंड्याचे आंबे ह्या तिसऱ्या प्रश्नावर नापास झाले. मेंढ्याची ग्रामसभा तिन्ही प्रश्नांस उतरली.

हे प्रश्न केवळ वादासाठीं नाहींत. कोरची तालुक्यांतील झेंडेपार येथील डोंगरांत लोहखनिज आहे, आणि तेथील खाणींस परिसरांतील ग्रामसभांनीं विरोध केला आहे. २०२३ सालच्या जनसुनावणीच्या वेळींही तो प्रकट झाला. २०२५ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतच लोहखनिजाच्या प्रक्रियेसाठीं नऊशेंहून अधिक हेक्टर वनभूमि देण्यास व एक लाखाहून अधिक झाडें तोडण्यास केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता मिळाली. खाणीनें रोजगार येतो असें एक पक्ष म्हणतो, जंगल गेल्यावर कायमचें पोट जातें असें दुसरा म्हणतो. दोघांचें म्हणणें ऐकून निर्णय व्हावा हें उचित. परंतु असे निर्णय ज्या बैठकींत होतात, तेथें मैफलीचा प्रेक्षक नसतो. जंगलाचें भवितव्य ठरतें तें ग्रामसभेच्या ठरावांत, जनसुनावणीच्या सभागृहांत व सरकारी फायलींत. त्या वेळीं जो हजर राहील, कागद वाचील, व उभें राहून बोलेल, त्याच्यावाचून ह्या रानास दुसरा त्राता नाहीं.

शहरांतील तरुणांनीं गाणें अवश्य ऐकावें. पण घरीं परततांना आपल्या दिव्याची वीज कोठून येते एवढें तरी विचारावें. कीर्तिवंतांनीं रोपें लावावयास यावें. पण पुढचे तीन उन्हाळेही यावें, किंवा जो पाणी घालणार आहे त्याची मजुरी आधीं ठेवून जावें. आणि झाडीच्या मुलुखांतील श्रोत्यांनीं, विशेषतः तरुणांनीं, येत्या मोसमांत नाटक पहांटेपर्यंत पाहावें, मनमुराद दाद द्यावी. आणि ग्रामसभेची बैठक ज्या दिवशीं असेल त्या दिवशीं तेथेंही तितक्याच आवडीनें वेळेवर जाऊन बसावें. मोहफुलांचे दिवस आले म्हणजे पाळीच्या यादींत आपलें नांव आहे किंवा नाहीं, हें ज्यानें त्यानें स्वतः पाहून घ्यावें.